चेहरा दिसतो, पण भाव निसटतो: स्किझोफ्रेनिया आणि मेंदूला बाहेरून दिलेली चेतना

आई दिवसभर दमून नुकतीच खुर्चीत टेकली आहे. मुलगा समोरून जातो. ती सहज विचारते, "गोळी घेतलीस का रे?" तो थबकतो, तिच्याकडे निरखून बघतो आणि म्हणतो, "चिडतेस कशाला? घेतली म्हणून सांगितलं ना मघाशी!"

आई चिडलेली नसते. तिच्या चेहऱ्यावर थकवा असतो, बाकी काही नाही. पण त्याला तिथे राग दिसला आणि त्याने त्या रागाला उत्तर दिलं. शब्दाला शब्द लागतो, आणि दोन मिनिटांनी आई खरोखरच रागावलेली असते. आपलं बरोबर होतं, अशी त्याची खात्री पटते.

स्किझोफ्रेनिया ज्या घरात आहे तिथे असे प्रसंग नेहमीचे असतात. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची चांगली पद्धत मराठीत रुजली आहे. इथेही तेच शब्द वापरते. शुभंकरांशी बोलताना भास आणि संशय यांचा विषय निघतोच. चेहरे वाचताना होणाऱ्या चुकांचा विषय मात्र क्वचित निघतो, कारण ती चूक आजाराची आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. ती तुसडेपणा वाटते, नाहीतर कोरडेपणा. या अडचणीवर मेंदूला बाहेरून सौम्य वीज किंवा चुंबकीय स्पंद देऊन काही करता येईल का, यावर गेली काही वर्षं संशोधन चालू आहे. त्यात काय हाती लागलं आणि काय नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 2 कोटी 40 लाख लोकांना, म्हणजे साधारण 300 माणसांमागे एकाला, स्किझोफ्रेनिया आहे. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये दिलं. नावात 'दुभंगलेलं मन' असल्यामुळे एका शरीरात दोन व्यक्ती राहतात असा एक हट्टी गैरसमज पसरला. ब्लॉयलर यांना विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांपासून झालेली ताटातूट म्हणायची होती. कानात आवाज येणं, कुणीतरी पाळतीवर आहे असं ठाम वाटणं ही लक्षणं ठळक असतात आणि 1952 पासून, क्लोरप्रोमाझिन हे पहिलं औषध आल्यापासून, त्यांवर औषधांचा बराच उपयोग होतो. उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, माणसांतून अंग काढून घेणं यांवर औषधं फारशी चालत नाहीत. आणि तिसरा गट असतो तो लक्ष, स्मरण आणि माणसं समजून घेण्याच्या क्षमतेचा. चेहरा वाचणं या तिसऱ्या गटात येतं. इथेही औषधांचा प्रभाव तोकडाच पडतो.

चाळीस फोटो

चेहरा वाचता येतो की नाही हे मोजायचं कसं? 1976 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी भावदर्शक चेहऱ्यांच्या छायाचित्रांचा एक संच तयार केला. आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावना त्यात होत्या. पुढे अशा अनेक चाचण्या निघाल्या. सध्या बऱ्याच अभ्यासांत वापरली जाणारी एक चाचणी 40 फोटोंची आहे. त्यात आनंद, दुःख, राग, भीती यांचे प्रत्येकी आठ चेहरे असतात आणि आठ चेहरे कोणताच भाव नसलेले. फोटो दिसला की पाचांपैकी एक पर्याय निवडायचा, एवढंच काम.

अशा चाचण्यांत स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांचे गुण इतरांपेक्षा सरासरीने बरेच कमी येतात. अनेक देशांतल्या, अनेक वर्षांच्या अभ्यासांतून हेच पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा चुकांचा आकार जास्त महत्त्वाचा वाटतो. हसरा चेहरा बहुतेकांना बऱ्यापैकी ओळखता येतो. घोळ होतो तो नकोशा भावनांत, विशेषतः भीती ओळखताना. आणि कोऱ्या चेहऱ्यावर नसलेला भाव दिसतो, तोही बहुधा राग किंवा धमकावणी. आपले चेहरे दिवसातला बराच वेळ कोरेच असतात, हे लक्षात घ्या. लिफ्टमध्ये, रांगेत, टीव्हीसमोर, फोनमध्ये डोकं घालून बसलेलो असताना आपण कुणाकडे रागाने बघत नसतो. पण त्या सगळ्या वेळात ज्याला आपल्या चेहऱ्यावर वैर दिसतं त्याचा दिवस कसा जात असेल?

ही अडचण आजाराच्या पहिल्या झटक्यातही असते, लक्षणं आटोक्यात आल्यावरही राहते, आणि आजार नसलेल्या सख्ख्या भावंडांमध्येही कधी कधी तिची फिकट छटा दिसते. मैत्री टिकणं, नोकरी टिकणं, एकट्याने राहता येणं यांच्याशी तिचा संबंध चांगला घट्ट आहे. म्हणून तिच्यावर उपाय शोधण्याची धडपड चालू आहे. आवाज थांबले, संशय ओसरला आणि तरीही माणूस एकटाच राहिला, तर ते बरं होणं अपुरं आहे.

मेंदू चेहरा कसा वाचतो

चेहरा समोर आला की सेकंदाच्या सहाव्या भागात, म्हणजे सुमारे 170 मिलिसेकंदांत, डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये एक ठरावीक लहर उमटते. 'हा चेहरा आहे' हे मेंदूने हेरल्याची ती खूण. हे काम मुख्यतः मेंदूच्या खालच्या बाजूला असलेल्या फ्युजिफॉर्म नावाच्या वळीत होतं. डोळे कुठे वळले, ओठ कसे हलले, असे बदलते तपशील कानाच्या वरच्या बाजूच्या पट्ट्यात टिपले जातात. याच्या जोडीला खोल आत, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. समोरचं काही महत्त्वाचं आहे का, धोक्याचं आहे का, याचा तो इशारा देतो. आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग या सगळ्यावर नजर ठेवतो: थांब, नीट बघ, ती दमलेली आहे, रागावलेली नाही. अमिग्डालाच्या घाईला लगाम घालणं हे त्याचं काम.

स्किझोफ्रेनियात या साखळीतल्या एकाहून अधिक कड्या ढिल्या असतात. ती 170 मिलिसेकंदांची लहर सरासरीने क्षीण असते, म्हणजे पहिल्या पायरीपासूनच कसर. कोऱ्या चेहऱ्याला अमिग्डाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मग खरा भीतीचा चेहरा आणि कोरा चेहरा यांतला फरकच पुसट होतो. प्रीफ्रंटल भागाचं नियंत्रण सैल असतं. आणि नजर कुठे फिरते हे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. आपली नजर नकळत डोळे, नाक, तोंड या त्रिकोणात फिरते. शुभार्थींची नजर कमी फिरते, आणि डोळ्यांवर, तोंडावर कमी थांबते.

इथे एका वेगळ्याच व्यक्तीची गोष्ट सांगायला हवी. संशोधनात ती 'एसएम' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला स्किझोफ्रेनिया नव्हता. एका दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले होते आणि तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. 2005 मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून बघतच नव्हती. 'डोळ्यांकडे बघा' एवढं सांगितल्याबरोबर तिला भीती ओळखता येऊ लागली. सूचना थांबली की पुन्हा पहिले पाढे. मेंदूचा एक तुकडा कायमचा गेलेला असताना, केवळ लक्ष योग्य जागी नेल्याने क्षमता परत दिसली, मग ती तात्पुरती का असेना. मेंदू-चेतनेच्या संशोधनामागची आशा मला या उदाहरणात सर्वात स्पष्ट दिसते: यंत्रणा बिघडली म्हणजे ती संपली असं नसतं, तिला योग्य वेळी योग्य धक्का मिळू शकतो.

दोन यंत्रं

शस्त्रक्रिया न करता, कवटीला हात न लावता मेंदूच्या कामात थोडा बदल घडवण्याच्या दोन पद्धती जास्त वापरात आहेत.

पहिली चुंबकाची, टीएमएस. 1831 मध्ये फॅरडे यांनी दाखवलं होतं की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. मेंदूही वाहकच आहे. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे अँथनी बार्कर यांच्या गटाने डोक्यावर तारेचं वेटोळं धरून, त्यातून विजेचा क्षणिक लोट सोडून, समोरच्याच्या हाताचे स्नायू हलवून दाखवले. आजही उपचाराआधी हेच करतात: अंगठा जेमतेम हलेल एवढी ताकद शोधायची आणि तिच्या प्रमाणात त्या माणसाची मात्रा ठरवायची. वेटोळ्यातून टकटक असा मोठा आवाज येतो, डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं. हेच स्पंद ओळीने, पुन्हा पुन्हा दिले की त्याला आरटीएमएस म्हणतात. सेकंदाला एक या संथ गतीने दिले तर त्या भागाची खळबळ साधारणपणे कमी होते, सेकंदाला दहा किंवा जास्त दिले तर वाढते. अर्थात हा ठोकताळा आहे, प्रत्येक डोक्यात तो तसाच लागू पडतो असं नाही. अमेरिकेत 2008 मध्ये नैराश्यासाठी या पद्धतीला मान्यता मिळाली.

दुसरी पद्धत विजेची, टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात आणि त्यांतून 1 ते 2 मिलिअँपिअरचा अखंड प्रवाह साधारण 20 मिनिटं सोडतात. त्यातला बराचसा कातडीतूनच परस्पर निघून जातो. मेंदूपर्यंत थोडाच पोचतो. हा प्रवाह चेतापेशींना पेटवत नाही. तो त्यांचा उंबरठा थोडा खाली-वर करतो. धन टोकाखालच्या पेशी थोड्या अधिक तत्पर होतात, ऋण टोकाखालच्या थोड्या सुस्त. 2000 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे मिशाएल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी हे माणसांमध्ये दाखवून दिलं, आणि प्रवाह बंद झाल्यावरही परिणाम काही मिनिटं टिकतो हेही.

'वीज' म्हटलं की शुभंकरांच्या मनात पहिल्यांदा शॉक ट्रीटमेंट येते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ती वेगळी पद्धत आहे. तिच्यात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते आणि प्रवाह 800 मिलिअँपिअरच्या आसपास असतो. टीडीसीएसचा प्रवाह त्याच्या शेकडो पटींनी कमी, आणि माणूस पूर्ण जागा, गप्पा मारत बसलेला असतो.

आता साहजिक प्रश्न: भावनेचा इशारा देणारा अमिग्डाला खोल आत आहे, मग स्पंद त्याच्यावरच का देत नाहीत? कारण नेहमीच्या वेटोळ्याचं चुंबकीय बळ कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे झपाट्याने विरतं. म्हणून वाकडी वाट धरावी लागते. पृष्ठभागावरचा प्रीफ्रंटल भाग हाताशी आहे आणि त्याच्या दोऱ्या आतपर्यंत गेलेल्या आहेत. त्याला चेतवायचं आणि परिणाम जाळ्यातून खाली झिरपेल अशी अपेक्षा ठेवायची. बहुतेक प्रयोग कपाळाच्या डाव्या-वरच्या भागावर झाले त्याचं हे एक कारण.

हाती काय लागलं

2014 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या एका गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी शुभार्थींना डाव्या प्रीफ्रंटल भागावर सेकंदाला दहा स्पंद या गतीने आरटीएमएसची दहा सत्रं दिली. खरे स्पंद मिळालेल्यांची चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची अचूकता नकली उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढली. 2015 मध्ये लॉस एंजेलिसमधून टीडीसीएसबद्दलचा अभ्यास आला. 36 शुभार्थींचे तीन गट केले: एकाला कपाळावर धन टोक, दुसऱ्याला ऋण, तिसऱ्याला नकली. प्रत्येकाला एकच सत्र. सामाजिक समजेच्या वेगवेगळ्या चाचण्यांपैकी चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याच्या चाचणीत धन टोक मिळालेला गट पुढे गेला. बाकीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही.

वाचून हुरूप येतो. मलाही आला होता. पण 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्याच संशोधकांनी आणखी कडक पद्धतीने पुन्हा करून पाहिलं. या वेळी प्रत्येक शुभार्थीला धन, ऋण आणि नकली अशी तिन्ही सत्रं वेगवेगळ्या दिवशी दिली, म्हणजे माणसामाणसांतला फरक आड येऊ नये. तेव्हा एका सत्राने सामाजिक समजेत सुधारणा झाल्याचं दिसलं नाही. आपलाच आशादायक निष्कर्ष पुन्हा तपासून, तो टिकला नाही हे छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अशा प्रामाणिकपणामुळेच शुभार्थींना खोट्या आशेवर झुलत राहावं लागत नाही.

'नकली' उपचार कशाला, असा प्रश्न घरच्यांना पडतो, कधी कधी रागही येतो. त्याचं कारण या चाचण्यांच्या स्वभावातच आहे. तेच चाळीस फोटो दुसऱ्यांदा बघताना कुणीही थोडं बरं करतं. शिवाय रोज कुणीतरी आपुलकीने बोलतं, विचारपूस करतं, डोक्यावर यंत्र बसवतं, यानेही माणूस खुलतो. हा सगळा भाग वजा केल्याशिवाय यंत्राचा वाटा किती ते कळत नाही. टीडीसीएसमध्ये नकली उपचार सोपा: प्रवाह अर्धा मिनिट सुरू करायचा, मुंग्या आल्या की हळूच बंद करायचा. टीएमएसमध्ये ते अवघड, कारण टकटक आणि टिचकी हुबेहूब उतरवावी लागते.

ही वजाबाकी किती महत्त्वाची आहे याचं मोठं उदाहरण जर्मनीतलंच आहे. स्किझोफ्रेनियातल्या निरुत्साहावर आरटीएमएस चालतं का हे बघायला 175 शुभार्थींवर तीन आठवडे चाचणी झाली. 2015 मध्ये निष्कर्ष आले: खऱ्या आणि नकली उपचारात लक्षणीय फरक नाही. आधीचे छोटे अभ्यास बरंच काही सांगत होते. मोठ्या चाचणीत ते विरलं. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याबद्दलचे अभ्यास अजून बहुतांशी छोटेच आहेत, तीस-चाळीस माणसांचे. प्रत्येकाची जागा वेगळी, मात्रा वेगळी, चाचणी वेगळी. म्हणून एका बाजूने आलेल्या बातमीवर उडी मारू नये आणि दुसऱ्या बाजूच्या बातमीने आशा टाकूनही देऊ नये.

परिणाम असे डळमळीत का? एक तर कवटीची जाडी आणि मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या. दोन मिलिअँपिअर म्हणजे प्रत्येकाच्या मेंदूत पोचणारी वीज सारखी नव्हे. दुसरं, औषधं. मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर काम करणारी औषधं घेणाऱ्याच्या मेंदूत हा हलका प्रवाह तसाच परिणाम करेल असं गृहीत धरता येत नाही. तिसरं कारण मला सर्वात पटतं. टीडीसीएस चेतापेशींना फक्त थोडं तत्पर करतं. त्या तत्परतेचं काय करायचं हे त्या वेळी मेंदू काय करत आहे यावर ठरतं. माणूस भिंतीकडे बघत बसला असेल तर प्रवाह कशाला बळ देणार?

म्हणून आता प्रवाह आणि सराव यांची सांगड घालण्याकडे लक्ष वळलं आहे. भाव ओळखण्याचं प्रशिक्षण काही नवं नाही. भुवया कुठे गेल्या, ओठांचे कोपरे खाली आहेत की वर, डोळे विस्फारलेत का, असं चेहऱ्याचं एकेक अंग शब्दांत सांगत सांगत शिकवायचं. आधी ठळक भाव, मग हळूहळू पुसट. या प्रशिक्षणाने भाव ओळखणं सुधारतं याचा पुरावा मेंदू-चेतनेच्या पुराव्यापेक्षा आजही अधिक भक्कम आहे. ते चालू असतानाच प्रवाह दिला तर शिकलेलं जास्त पक्कं बसेल का, हा सध्याचा खरा प्रश्न आहे. मला विचाराल तर पैसा आणि मनुष्यबळ आधी या प्रश्नावर लागायला हवं, नवनव्या जागांवर एकेक सत्र देऊन बघण्यावर नव्हे.

कुणी हा उपचार सुचवला तर

चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याच्या अडचणीसाठी टीएमएस किंवा टीडीसीएस हा अजून रुळलेला उपचार नाही, संशोधनाचा विषय आहे. कुणी हमखास गुण येईल असं सांगून मोठ्या रकमेचं पॅकेज पुढे केलं तर सावध व्हा. अभ्यासात सहभागी व्हायला विचारलं तर मात्र ऐकून घ्या. आपल्याला नकली गटात टाकलं जाऊ शकतं का, मधेच बाहेर पडता येतं का, नकली मिळालेल्यांना नंतर खरा उपचार देणार का, आणि भाव ओळखणं नेमकं कोणत्या चाचणीने मोजणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शुभार्थीची संमती त्याच्याकडूनच, त्याला समजेल अशा शब्दांत घेतली जाते ना, हे बघा. आणि चालू गोळ्या यासाठी बंद करू नका.

धोके फार नाहीत, पण आहेत. टीडीसीएसने मुंग्या, खाज, कातडीवर लाली येते. स्पंज वाळले किंवा नीट बसले नाहीत तर क्वचित भाजतं. टीएमएसने डोकं दुखू शकतं, कानांना जपावं लागतं आणि अगदी विरळा आकडी येऊ शकते. म्हणून आकडीचा इतिहास, डोक्यात धातूचा तुकडा, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र, पेसमेकर या गोष्टी आधीच सांगायच्या. इंटरनेटवर मिळणारी यंत्रं घरी डोक्याला लावून बघणं पूर्ण टाळा. टोकांची अदलाबदल झाली किंवा जागा दोन बोटं सरकली, तर कोणता भाग तत्पर होतोय आणि कोणता सुस्त, हे घरात कुणाला कळणार?

घरात करण्यासारखं काही आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. भाव चेहऱ्यावर सोडून न देता शब्दांत सांगायचा. "मी रागावले नाहीये, दमलेय." "मला तुझी काळजी वाटली म्हणून विचारलं." बोलताना उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसायचं, घाई न करता. त्याने "चिडतेस कशाला" म्हटलं तर "मी कुठे चिडले!" असं चढ्या आवाजात सांगण्याऐवजी, "तुला कशावरून वाटलं?" असं शांतपणे विचारायचं. कधी तो सांगतो, "तुझ्या भुवया." मग आई आरशात बघते, आणि भुवया खरंच आक्रसलेल्या असतात, डोकं दुखतंय म्हणून.